पत्ता झाकून वाचा: शेजारी देशांतलं वैद्यकीय संशोधन मोजताना

प्रश्न: "मी एका वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएम (सामाजिक आणि रोगप्रतिबंधक वैद्यकशास्त्र) विभागात सहायक प्राध्यापक आहे. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ आणि श्रीलंका या पाच देशांत जैववैद्यकीय संशोधन किती होतं आणि कोणत्या दर्जाचं होतं, याची तुलना करायची आहे. पबमेडमध्ये, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत, देशाचं नाव टाकून पेपर मोजायचे आणि दर्जासाठी जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या लेखांना सरासरी किती हवाले मिळतात तो आकडा) घ्यायचा, असा विचार आहे. एवढं पुरेल का?"

उत्तर:

एवढं पुरणार नाही. पण काम करण्याजोगं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. पंचवीसेक वर्षं मी आधी वैद्यकीय ग्रंथालयात आणि नंतर संशोधनपद्धती शिकवण्यात घालवली आहेत. अशा तुलनांचे आराखडे दरवर्षी समोर येतात आणि बहुतेक एकाच जागी अडतात: आकडा आधी काढलेला असतो, तो कशाचा आहे हे नंतर शोधणं सुरू होतं. तुमच्या आराखड्यातला मोजणीचा भाग मेहनत घेतली तर दुरुस्त होईल. दर्जाचा भाग मात्र मुळातून बदलावा लागेल, कारण तिथे पेपर उघडून वाचण्याला पर्याय नाही.

आधी मोजणी. "नेपाळचा पेपर" किंवा "पाकिस्तानचा पेपर" म्हणजे नेमकं काय, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून काढा. वरवर सोपं वाटतं, म्हणून आपल्याच भागातलं एक उदाहरण घेऊ. १९६८ साली ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेतून 'लॅन्सेट' या नामवंत वैद्यकीय जर्नलमध्ये एक पेपर आला. कॉलरा झालेल्या प्रौढ रुग्णाला सुरुवातीचं सलाइन दिल्यावर पुढे मीठ आणि ग्लुकोजचं पाणी तोंडानं पाजून सांभाळता येतं आणि सलाइन खूप कमी लागतं, हे त्यात दाखवलं होतं. पहिले दोन लेखक, डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश, अमेरिकन. शहर त्या वेळी पूर्व पाकिस्तानातलं. मग हा पेपर कोणाच्या खात्यावर टाकायचा? पाकिस्तानच्या, बांगलादेशाच्या की अमेरिकेच्या?

तीन वर्षांनी, १९७१ मध्ये, बांगलादेश मुक्तीचं युद्ध झालं. सीमेलगतच्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरानं माणसं पटापट मरत होती आणि सलाइनचा साठा संपत आला होता. दिलीप महालनाबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा यांचं मिश्रण पाण्यात कालवून ड्रममध्ये भरून ठेवलं आणि नातेवाइकांनाच रुग्णाला पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ३.६ टक्क्यांवर आलं. हे काम १९७३ मध्ये 'जॉन्स हॉपकिन्स मेडिकल जर्नल'मध्ये छापून आलं. डॉक्टर भारतीय, नोकरी कोलकात्यातल्या अमेरिकन संशोधन केंद्रात, रुग्ण बांगलादेशी निर्वासित, जमीन पश्चिम बंगालची, जर्नल अमेरिकेचं. गेल्या शतकातल्या सर्वांत मोलाच्या वैद्यकीय शोधांपैकी एक इथे, या पाचांतल्या दोन देशांच्या सीमारेषेवर घडला, आणि तुमच्या तक्त्यात त्याला नीट बसेल असा रकाना नाही.

म्हणून व्याख्या किमान तीन ठेवा: पहिल्या लेखकाचा पत्ता कुठला, कोणत्याही एका लेखकाचा पत्ता कुठला, आणि रुग्ण किंवा नमुने कुठले. तिन्ही आकडे वेगळे येतील आणि त्यांच्यातली तफावत हाच तुमच्या अभ्यासातला एक निष्कर्ष असेल. भारतात ही तफावत तुलनेनं कमी राहते, कारण इथले बरेच पेपर इथल्याच लोकांनी लिहिलेले असतात. नेपाळमध्ये ती ठळक दिसेल. सर्लाही जिल्ह्यात लहान मुलांना अ जीवनसत्त्व दिल्यानं बालमृत्यू ३० टक्क्यांनी घटले, हा १९९१ चा 'लॅन्सेट'मधला प्रसिद्ध पेपर घ्या. मुलं नेपाळची, घरोघर फिरणारे कार्यकर्ते नेपाळचे, पहिले लेखक कीथ वेस्ट अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सचे. पहिल्या लेखकावर मोजलं तर नेपाळला शून्य.

इथेच पबमेडची एक जुनी गोम येते, आणि ती माहीत नसल्यानं चांगले चांगले अभ्यास फसले आहेत. १९८८ पासून मेडलाइनमध्ये (पबमेडमधली निवडक जर्नलांची मुख्य सूची) फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता नोंदवला जायचा. सगळ्या लेखकांचे पत्ते नोंदवणं सुरू झालं ते २०१४ पासून. त्यामुळे २००५ ते २०२० असा सलग आलेख काढलात तर २०१४ च्या सुमारास पाचही देशांची रेषा एकदम वर उसळलेली दिसेल, आणि ज्या देशाचे लोक परदेशी गटांत दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचे लेखक असतात, त्याची रेषा सर्वांत जास्त उसळेल. त्या उसळीचं कारण संशोधनात शोधू नका, ते नोंदीच्या नियमात आहे. एक तर २०१४ च्या अलीकडचीच वर्षं घ्या, नाही तर संपूर्ण काळासाठी पहिल्या लेखकाच्याच पत्त्यावर टिकून राहा. दोन्हींचं मिश्रण करू नका.

आणखी एक चूक फार दिसते. पबमेडमध्ये प्रकाशनाच्या देशाचं एक वेगळं फील्ड (नोंदीतला रकाना) आहे. ते जर्नल कुठे छापलं जातं ते सांगतं, संशोधन कुठे झालं ते नाही. मुंबईच्या डॉक्टरचा पेपर लंडनच्या जर्नलमध्ये आला की तो या फील्डमध्ये इंग्लंडचा होतो. शोध घेताना पत्त्याचंच फील्ड वापरा.

पत्त्याच्या फील्डमध्येही गावांच्या नावांनी घोटाळा होतो. इंडिया या शब्दापुढे तारांकन लावून शोधलं की अमेरिकेतलं इंडियाना विद्यापीठ आणि इंडियानापोलिस शहर भारताच्या खात्यात जमा होतात. पंजाब दोन्हीकडे आहे. लाहोरचं पंजाब विद्यापीठ आणि चंदीगडचं पंजाब विद्यापीठ यांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक आहे, आणि लेखक स्वतःच तो नेहमी पाळत नाहीत. जुन्या पेपरांवर छापलेल्या पत्त्यांत ढाक्याचं स्पेलिंग वेगळं आहे, आणि १९७२ पूर्वीची श्रीलंका सिलोन या नावानं आहे.

सगळ्यांत जास्त वेळ मला खाल्ला तो हैदराबादनं. एक तेलंगणात, एक सिंधमध्ये. जुन्या नोंदींत पुष्कळदा देशाचं नावच नसतं. "पॅथॉलॉजी विभाग, मेडिकल कॉलेज, हैदराबाद" एवढंच असतं. एका कामात मी आणि माझी सहकारी अशा नोंदींचे छापील ताव टेबलावर पसरून बसलो होतो, हातात दोन रंगांच्या पेन्सिली. संस्थेचं नाव ओळखीचं असेल, म्हणजे इकडचं निजाम इन्स्टिट्यूट किंवा तिकडचं जामशोरोचं लियाकत विद्यापीठ, तर लगेच रंग लागायचा. नसेल तर सहलेखकांची नावं बघायची, रुग्णांचं वर्णन बघायचं, मान्यता देणाऱ्या एथिक्स कमिटीचं नाव शोधायचं. संध्याकाळपर्यंत एक गठ्ठा उरला, ज्याला कोणताच रंग लागला नव्हता. तो आम्ही तसाच "अनिश्चित" म्हणून तक्त्यात दाखवला. तुम्हीही दाखवा. मोठ्या देशाच्या आकड्यात अशा नोंदी बुडून जातात, पण लहान देशाचा क्रम त्यांनी बदलू शकतो.

आता डेटाबेसबद्दल. पबमेड, स्कोपस, वेब ऑफ सायन्स यांपैकी कोणताही एक घेतलात, तरी तुम्ही देशाचं संशोधन मोजत नसता. त्या डेटाबेसनं निवडलेल्या जर्नलांत त्या देशाचे किती पेपर आले, तेवढंच मोजत असता. बांगलादेशातलं 'मैमनसिंग मेडिकल जर्नल' मेडलाइनमध्ये आहे. त्याच्याइतकंच जुनं आणि मेहनतीनं चालवलेलं दुसरं एखादं जर्नल नसेल, तर तिथे छापणारे डॉक्टर तुमच्या दृष्टीनं काहीच करत नाहीत. लहान देशाचं एखादं जर्नल यादीत आलं की त्या वर्षी त्याचा आलेख वर जातो, यादीतून गेलं की खाली येतो, आणि दोन्ही वेळा हॉस्पिटलात तेवढंच काम झालेलं असतं. म्हणून देशनिहाय आकड्यासोबत "त्या देशात निघणारी किती जर्नलं त्या वर्षी यादीत होती" ही ओळ हवीच.

स्थानिक जर्नलांसाठी बांग्लाजोल, नेपजोल आणि श्रीलंकेचं एसएलजोल ही संकेतस्थळं आहेत. २००७-०८ च्या सुमारास ती उभी राहिली आणि त्यांच्यावर बरंच काही फुकट वाचता येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रादेशिक सूचीही आहेत, पण तिथे एक खड्डा आहे. भारत, बांगलादेश, नेपाळ आणि श्रीलंका हे संघटनेच्या आग्नेय आशिया विभागात येतात. पाकिस्तान येतो पूर्व भूमध्य विभागात, इराण-इजिप्तच्या सोबत. त्याची सूची वेगळी, जर्नल निवडण्याची पद्धत वेगळी. आग्नेय आशियाची सूची उघडून "पाकिस्तानात काहीच नाही" असं लिहिलेला मसुदा मी तपासला आहे.

मोजणीतला शेवटचा मोठा प्रश्न वाट्याचा. एका पेपरला चार लेखक: दोन भारतातले, एक नेपाळचा, एक इंग्लंडचा. पूर्ण मोजणीत तिन्ही देशांना एक-एक पेपर मिळतो. वाटून मोजलं तर भारताला ०.५, नेपाळला ०.२५, इंग्लंडला ०.२५. चार लेखकांपर्यंत फरक फार टोचत नाही. पण जगभरातल्या आजारांचा हिशेब मांडणाऱ्या ग्लोबल बर्डन ऑफ डिसीजसारख्या प्रकल्पांच्या पेपरांवर शेकडो लेखक असतात. समजा ५०० लेखकांत नेपाळचे तीन आहेत. पूर्ण मोजणीत नेपाळला एक अख्खा पेपर आणि त्या पेपरची हजारो सायटेशन, म्हणजे इतर पेपरांनी दिलेले हवाले, मिळतात, वाटून मोजलं तर ०.००६ पेपर. लहान देशाचा सरासरी सायटेशनचा आकडा असे दहा-वीस पेपरच उचलून धरतात. दोन्ही पद्धतींनी काढा, शेजारी शेजारी ठेवा, आणि शंभराहून अधिक लेखकांचे पेपर वगळून तिसऱ्यांदा काढा.

लोकसंख्येनं, जीडीपीनं किंवा डॉक्टरांच्या संख्येनं भागणं सोपं आहे, ते तुम्ही कराल. फक्त भारताची सरासरी काढून थांबू नका. समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये भारतातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांचं २००५ ते २०१४ या दहा वर्षांतलं प्रकाशन तपासलं. वर्षाला शंभराहून जास्त पेपर काढणाऱ्या संस्था फक्त २५ निघाल्या, आणि ३३२ संस्थांनी, म्हणजे ५७ टक्क्यांनी, दहा वर्षांत एकही पेपर काढला नव्हता. अशा देशाची सरासरी कोणत्याच खऱ्या कॉलेजाचं वर्णन करत नाही. श्रीलंकेत किंवा नेपाळमध्ये संस्था मोजक्या आहेत, तिथली विषमता वेगळ्या आकाराची असते. देशांची तुलना करण्याआधी प्रत्येक देशाच्या आतलं वाटप मांडा.

आणि पेपर का लिहिले गेले, हेही आकड्यासोबत लिहा. पाकिस्तानात २००२ मध्ये उच्च शिक्षण आयोग आला, त्यानं प्रकाशनांना निधी आणि बढतीशी जोडलं आणि पेपरांची संख्या झपाट्यानं वाढली. आपल्याकडे वैद्यकीय शिक्षकांच्या बढतीसाठी पेपरांची अट आली आणि तेच झालं. ज्यांना संशोधनासाठी ना वेळ मिळतो ना पैसा, त्यांच्याकडून पेपर मागितले की पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नलं उगवतात. पुण्यातल्या विद्यापीठात भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यूजीसीच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीनं आलेली जर्नलं तपासली, तेव्हा नमुन्यातली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात असा निष्कर्ष २०१८ मध्ये निघाला. त्याआधी २०१७ मध्ये डेव्हिड मोहर यांच्या गटानं अशा फसव्या जर्नलांतले १,९०० हून अधिक पेपर वाचले. पत्रव्यवहार करणारे २७ टक्के लेखक भारतातले होते, जगात सर्वाधिक. त्या पेपरांत मिळून वीस लाखांहून जास्त माणसांची माहिती वापरलेली होती. या आकड्यापाशी मी दर वेळी थांबतो. कुणीतरी हात पुढे करून रक्त दिलं, कुणी प्रश्नावलीला तासभर उत्तरं दिली, आणि ते सगळं अशा ठिकाणी जाऊन पडलं जिथून ते कुणाच्याही उपयोगी पडणार नाही.

आता दर्जा. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे एखाद्या जर्नलनं मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन भागिले त्या दोन वर्षांतले मोजण्याजोगे लेख. ही जर्नलची सरासरी आहे आणि तीही तिरकी: थोड्या पेपरांना पुष्कळ सायटेशन मिळतात, बाकीच्यांना नगण्य. सरासरीवरून एका पेपराचा दर्जा ठरवणं म्हणजे वर्गाच्या सरासरीवरून एका मुलाची गुणपत्रिका भरणं. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यानं, म्हणजे डोरानं, नेमक्या याच वापराला विरोध केला आहे. बनगावच्या पेपराचा दर्जा जर्नलच्या नावावरून ठरवला असता तर तो कुणी हातात घेतला नसता.

पेपराची स्वतःची सायटेशन मोजणं त्याहून बरं, पण त्यातही मोठ्या देशाला झुकतं माप मिळतं. संशोधक आपल्या देशातल्या कामाचा हवाला जास्त देतात, आणि भारतात हवाला देणारेच इतके आहेत की भारतीय पेपरची बेरीज आपोआप वाढते. श्रीलंकेच्या पेपराला हा आधार नाही. स्वदेशी सायटेशन वजा करून बघा. विषयाचाही फरक असतो: कॅन्सर जीवशास्त्रातल्या मध्यम पेपराला जितकी सायटेशन मिळतात, तितकी सर्पदंशावरच्या उत्तम पेपराला मिळत नाहीत, कारण साप चावणाऱ्या माणसांच्या देशांत जर्नलं कमी आहेत. विषय आणि वर्ष सारखं ठेवून तुलना करा.

या सगळ्यांत मला जे मोजमाप सर्वांत शिकवून गेलं, ते संशोधनाच्या दुनियेतलं नाही. बांगलादेशातल्या ब्रॅक संस्थेनं १९८० ते १९९० या दहा वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास घरांत जाऊन आयांना जुलाबावर घरी पाणी तयार करायला शिकवलं: चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. शिकवणाऱ्या बायकांना मोबदला घरांच्या संख्येवर दिला गेला नाही. काही दिवसांनी दुसरेच पर्यवेक्षक निवडक घरी जायचे, आईला काय आठवतंय ते विचारायचे, तिच्याकडून पाणी करून घ्यायचे, आणि तिच्या उत्तरावर शिकवणारीचे पैसे ठरायचे. घरं मोजणं किती सोपं होतं! तरी त्यांनी नमुना काढला, दार ठोठावलं आणि पाण्यातलं मीठ तपासलं. दर्जाबद्दल तुम्हालाही हेच करायचं आहे.

म्हणजे असं. प्रत्येक देशाच्या पेपरांची अंतिम यादी तयार झाली की तिला क्रमांक द्या आणि संगणकाकडून यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखे) क्रमांक काढून घ्या. "अमुक टक्के पेपर चांगल्या पद्धतीचे" असं प्रमाण सांगायचं असेल आणि दहा टक्के इकडे-तिकडे चालणार असेल, तर ९५ टक्के विश्वासपातळीला देशामागे ९७ पेपर लागतात. शंभर धरा. पाच टक्क्यांपर्यंत बारीक जायचं तर ३८५ लागतात, तो नाद सोडा. पाच देशांचे ५०० पेपर, एका पेपरला २५ मिनिटं धरली तरी एका वाचकाचे दोनशेहून जास्त तास. दोन वाचक लागतील. वर्षभराचं काम आहे, पण एका विभागाला झेपणारं.

वाचताना तपासायच्या गोष्टी थोड्या ठेवा. मूळ संशोधन आहे की केस रिपोर्ट (एखाद्या रुग्णाची हकिगत), की आढावा? अभ्यासाचा आराखडा कोणता, आणि विचारलेल्या प्रश्नाला तो शोभतो का? नमुन्याचा आकार कसा ठरवला ते लिहिलंय का? ट्रायल (उपचाराची चाचणी) असेल तर यादृच्छिक वाटप खरंच कसं केलं ते सांगितलंय, की नुसता शब्द वापरलाय? नोंदणी कधी झाली? श्रीलंकेची ट्रायल नोंदणी २००६ पासून आणि आपली सीटीआरआय २००७ पासून आहे, आणि २००९ च्या जूनपासून आपल्याकडे नोंदणी सक्तीची झाली. त्यानंतरची ट्रायल असेल तर नोंदणीचं पान उघडा आणि तिथे लिहिलेला मुख्य परिणाम पेपरात तोच राहिलाय की बदललाय ते बघा. पाच मिनिटांची ही तपासणी कोणत्याही इम्पॅक्ट फॅक्टरपेक्षा जास्त सांगते. एथिक्स कमिटीचं नाव आहे का? निष्कर्षात आकड्यांपलीकडचं काही ठोकून दिलंय का? एवढं बस.

दोन वाचकांचं जुळतंय का, ते कप्पा (kappa) नावाच्या मापानं मोजा; योगायोगाची जुळणी वजा करून खरी किती उरते ते हे माप सांगतं. समजा शंभर पेपरांत ४० ना दोघांनी "चांगला" म्हटलं, ४० ना दोघांनी "नाही" म्हटलं, आणि २० वर मतभेद झाले, दहा एका बाजूनं आणि दहा दुसऱ्या. जुळणी ०.८० दिसते. पण प्रत्येकानं अर्ध्यांना चांगलं म्हटलं असल्यानं नुसत्या योगायोगानंही ०.५० जुळलं असतं. कप्पा = (०.८० − ०.५०) ÷ (१ − ०.५०) = ०.६. कामचलाऊ. पहिल्या वीस पेपरांनंतर याहून खाली येत असेल तर थांबा, दोघं समोरासमोर बसा आणि कोणता प्रश्न दोघांनी वेगळा समजून घेतला ते शोधा. माझ्या अनुभवात तो "आराखडा शोभतो का" हाच असतो.

नमुन्याच्या जोडीला एखादा प्रश्न निवडून तो देशोदेशी कसा फिरला ते बघा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. मी नवजात बाळांचे मृत्यू घेईन. १९९९ मध्ये अभय बंग, राणी बंग आणि त्यांच्या 'सर्च' या संस्थेतल्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावातल्याच प्रशिक्षित बाईकडून घरी जाऊन बाळाची काळजी आणि जंतुसंसर्गावर उपचार करून दाखवले. तुलनेची गावं ४७. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी होता. २००४ मध्ये नेपाळच्या मकवानपूरमध्ये धर्म मानंधर यांच्या गटानं महिलांच्या बैठकांतून वेगळा मार्ग तपासला आणि मृत्यू ३० टक्क्यांनी घटलेले आढळले. या वेळी गावांच्या समूहांचं वाटप यादृच्छिक होतं, म्हणजे पुरावा गडचिरोलीहून एक पायरी पक्का. २००८ मध्ये बांगलादेशच्या सिल्हेटमध्ये घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत तपासली गेली, घट ३४ टक्के. २०११ मध्ये पाकिस्तानच्या सिंधमधल्या हालामध्ये झुल्फिकार भुट्टा यांच्या गटानं सरकारी लेडी हेल्थ वर्करकडून असंच काम करून घेतलं आणि घट १५ टक्क्यांच्या आसपास आली. त्याच वर्षी आपल्याकडे आशांसाठी नवजात बाळांच्या घरभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

६२, ३०, ३४, १५. घाईत वाचणारा म्हणेल, गडचिरोलीचं काम सर्वांत सरस आणि हालाचं सर्वांत कच्चं. मी म्हणेन, हालाचा प्रश्न सर्वांत अवघड होता: ध्येयवेड्या संस्थेच्या हातून जे झालं ते सरकारी यंत्रणेच्या हातून, आहे त्या पगारात आणि आहे त्या देखरेखीत होतं का? १५ टक्के हे त्याचं प्रामाणिक उत्तर आहे आणि धोरण ठरवणाऱ्याला ते ६२ पेक्षा जास्त कामाचं आहे. चारही पेपर 'लॅन्सेट'मधले, म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टरच्या रकान्यात चौघांना एकच गुण. आणि सिल्हेटच्या पेपरचे पहिले लेखक अब्दुल्लाह बाकी बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये, त्यामुळे पहिल्या लेखकाच्या मोजणीत बांगलादेशाचा हा पेपर तुमच्या यादीत येतच नाही.

परिणामाचा रकानाही ठेवा, भले तो आकड्यानं भरता येत नसो. श्रीलंकेत १९९५ मध्ये अतिविषारी वर्गातल्या उरलेल्या कीटकनाशकांवर आणि १९९८ मध्ये एंडोसल्फानवर बंदी आली. आत्महत्यांचं प्रमाण १९९५ मध्ये लाखामागे ४७ होतं, ते २००५ पर्यंत जवळपास निम्म्यावर आलं. डेव्हिड गनेल, मायकेल एडलस्टन आणि श्रीलंकेतले त्यांचे सहकारी यांनी हे आकडे मांडले आणि दुसऱ्या देशांत बंदीची चर्चा करताना ते पुढे ठेवले गेले. दोन कोटींच्या देशातलं हे काम आहे. आपल्या विदर्भ-मराठवाड्यात विषबाधेचे रुग्ण पाहणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

संस्थांच्या यादीवरून मोजणार असाल तर आणखी एक जण सुटेल. महाडचे हिंमतराव बावस्कर. १९८२ पासून 'लॅन्सेट'मध्ये विंचूदंशावर लिहिणारे, २०११ मध्ये 'बीएमजे'त प्राझोसिन या औषधासोबत प्रतिविष देण्याची यादृच्छिक ट्रायल छापणारे. पत्ता काय, तर महाड, जिल्हा रायगड. ना विद्यापीठ, ना संशोधन संस्था. शोधात संस्थेची अट घातलीत की कोकणातलं हे चाळीस वर्षांचं काम गळून जातं.

आणि वाचायला बसण्याआधी प्रत्येक पेपरावरचं जर्नलचं नाव, लेखक आणि पत्ते झाकायचे. पीडीएफवर काळी पट्टी ओढा, किंवा छापील प्रतीवर कागद चिकटवा. हे मी एका प्रसंगानंतर सक्तीचं केलं. एका कामात चुकून एकच पेपर एका अनुभवी वाचकाकडे दोनदा गेला, महिनाभराच्या अंतरानं: एकदा झाकलेला, एकदा उघडा. झाकलेला असताना आराखड्याला "शोभतो" अशी खूण होती. पत्ता दिसल्यावर तिथेच "शंकास्पद" आलं. पेपर शेजारच्या देशातल्या एका लहान गावच्या हॉस्पिटलचा होता. मी दोन्ही फॉर्म त्यांच्यापुढे ठेवले. ते बराच वेळ बघत राहिले, मग आधी केलेले सगळे उघडे पेपर परत मागून घेतले आणि झाकून पुन्हा वाचले.

शक्य असेल तर दुसरा वाचक सीमेपलीकडचा घ्या. काठमांडू, ढाका, कराची किंवा कोलंबोतला पीएसएमचा एखादा शिक्षक ईमेलवर तयार होतो, माझा अनुभव तरी तसा आहे. पहिले वीस पेपर दोघांनी वाचून कप्पा काढा, मगच बाकीच्या ४८० ना हात घाला. शोधाची नेमकी वाक्यरचना आणि शोध घेतल्याची तारीख वहीत आजच लिहून ठेवा, कारण हीच वाक्यरचना सहा महिन्यांनी टाकलीत तर आकडा वेगळा येईल.